पाव इंच जाडीचा भ्रम

नवी 'हेवी ड्यूटी' आउटडोअर सुरी हातात पडली की तिच्यावर लिहिणारे काय लिहितात, हे आता पाठ झालं आहे. खोका उघडला, सुरी म्यानातून काढली, हातात तोलली, एक कागद कापला, मनगटावरची लव भादरली आणि निकाल दिला: दणकट आहे, जंगलात न्यायची तर हीच. पातं पाव इंच जाड, मुठीच्या टोकापर्यंत एकसंध पोलाद, वरून काळा लेप, वजन अर्ध्या किलोच्या घरात. एवढ्या भांडवलावर मग तीन विधानं केली जातात. पहिलं, ही एकटी सुरी कुऱ्हाड, कोयता आणि चाकू या तिघांचं काम करते. दुसरं, गावच्या लोहाराची हत्यारं आता कालबाह्य झाली, त्यांच्या पोलादाचा भरवसा नाही. तिसरं, रानात जाणाऱ्याच्या कमरेला असं काहीतरी असलंच पाहिजे.

या तिन्ही विधानांना माझा विरोध आहे, आणि तो गोंदिया जिल्ह्यातून आहे हे मुद्दाम सांगतो. १ मे १९९९ला भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि जंगलाचा. अर्जुनी मोरगावपासून सालेकशापर्यंत कुठल्याही गावात जा, घराच्या वळचणीला खोवलेला इळा आणि दाराआड उभी केलेली कुऱ्हाड दिसेल. इथे धान कापतात, बांबू तोडतात, तेंदू खुडतात, सरपण फोडतात. हत्यार चांगलं की वाईट, हा प्रश्न इथे संध्याकाळी हाताला आलेल्या फोडांवरून सुटतो. म्हणून एका बैठकीत दिलेल्या निकालाला इथून उत्तर देणं मला आवश्यक वाटतं.

पहिल्या नजरेत काय कळतं, ते आधी मान्य करू. लांबी, जाडी आणि वजन कळतं. पातं सरळ आहे की वाकडं, मूठ हातात बसते की नाही, म्यान सुरीला घट्ट धरतं की खुळखुळतं, कारखान्याने धार सारखी लावली आहे का, हे सगळं पाच मिनिटांत पाहता येतं आणि पाहावंही. बाजारात कुऱ्हाड घेणारा शेतकरीसुद्धा ती डोळ्यासमोर आडवी धरून तिची रेघ पाहतो, बोटाच्या पेराने वाजवून बघतो. एवढ्यापुरतं परीक्षण प्रामाणिक आहे.

काय कळत नाही, त्याची यादी मात्र मोठी आहे आणि नेमकी महत्त्वाची आहे. पाणी कसं पाजलंय ते कळत नाही. एकाच पोलादाच्या दोन पट्ट्या, एक नीट तापवून, विझवून, पुन्हा मंद आचेवर उतरवलेली आणि दुसरी घाईत उरकलेली, दिसायला जुळ्या असतात. पहिलीची धार टिकते. दुसरीची गाठीवर आपटताच तुटते नाहीतर दुमडते. धार किती दिवस टिकेल, गेली तर किती वेळात परत येईल, मूठ तासाभराने तळव्याला कुठे काचेल, लेप कधी खरवडेल, भर पावसात म्यानात राहिलेल्या पात्याला गंज कुठून धरेल, यातलं एकही उत्तर खोक्यात येत नाही. कागद कापणं आणि लव भादरणं ही कारखान्यातल्या शेवटच्या घासणीची परीक्षा आहे. ती धार पहिल्या वापरात जायचीच असते.

तरीही माझी मुख्य तक्रार पहिला निकाल अपुरा असल्याची नाही, तो एकाच बाजूला झुकलेला असल्याची आहे. हातात घेताच जाणवतं ते वजन, डोळ्यांत भरते ती जाडी, फोटोत उठून दिसतो तो काळा लेप. या तिन्ही गुणांना पहिल्या भेटीतच पैकीच्या पैकी गुण मिळतात. आणि प्रत्यक्ष कामात बहुतेक वेळा हेच तिघे आडवे येतात.

जाडीचं बघा. या वर्गातली एक गाजलेली सुरी म्हणजे अमेरिकेतल्या का-बार कंपनीची बेकर बीके-२. सव्वापाच इंचांचं पातं, पाठीला पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडी, वजन साधारण साडेचारशे ग्रॅम. आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं दीड-दोन मिलिमीटरचं असतं. कापणं म्हणजे दोन भागांच्या मधून पातं पलीकडे नेणं. पातं जितकं जाड, तितकं त्याला दोन्ही भाग बाजूला रेटावे लागतात आणि तितका जोर वाया जातो. धारेचं टोक वस्तऱ्यासारखं असलं तरी अर्ध्या इंचावर पाचर सुरू होत असेल, तर कांदा कापला जात नाही, तडकतो. बांबूची कामटी सोलली जात नाही, चिरफाळते. दोर तुटतो, पण हाताला हिसका देऊन.

पुण्याहून दिवाळीला आलेल्या भाच्याने अशीच एक सुरी आणली होती. बाजाराच्या दिवशी ती आम्ही लोहाराला दाखवली. त्याने पाठीकडून नजर लावून पातं पाहिलं, अंगठ्याने धारेच्या मागची जाडी चाचपली आणि विचारलं, "बाबू, हे कापाले हाये का फोडाले?"

भाचा म्हणाला, "दोन्हीला, काका."

"दोन्हीले असन, त मंग कोनतंच बराबर नाई होत."

या एका वाक्यात 'एकच हत्यार सगळ्या कामांना' या कल्पनेचं उत्तर आहे. ते त्याच्या अनुभवातून आलं म्हणून खरं, असं माझं म्हणणं नाही. कशामुळे खरं, ते तपासता येतं.

कापायला पातं पातळ हवं, फोडायला जाड. ही एकमेकांविरुद्धची मागणी आहे, आणि कुठलाही कारखाना ती एका पात्यात पुरी करू शकत नाही. फार तर मधला सौदा करू शकतो. आमच्या घरांनी हा सौदा केला नाही, कामं वाटून दिली. भाजी चिरायला पावशी. तिचं पातं पातळ, ती पायाखाली दाबलेली, म्हणून दोन्ही हात मोकळे. धान कापायला इळा. फोडायला कुऱ्हाड, तासायला वासला. बुरडाची बांबू सोलायची सुरी आणखी वेगळी. तिला वजन नकोच असतं, कारण बांबू एकदा तोंडाशी उकलला की तो आपल्याच धाग्यांच्या दिशेने फाटत जातो. सुरीने फक्त वाट दाखवायची असते, दोन्ही बाजू सारख्या जाडीच्या निघतील एवढं सांभाळायचं असतं. पाव इंचाची पाठ तिथे घुसवली तर फट कलते, एक कामटी जाड आणि दुसरी पातळ होते, आणि अशा कामट्यांचं सूप कोणी विकत घेत नाही.

हलकं हत्यार म्हणजे मागासलेलं हत्यार, हा समज किती पोकळ आहे याचा दाखला कोकणातून घेऊ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने भातकापणीसाठी जो विळा विकसित केला, तो वैभव विळा. बारीक दात्यांचा आणि हलका. वजन वाढवून तो सुधारला गेला नाही. दात्यांमुळे मूठभर काड्या निसटत नाहीत, आणि कापणी जमिनीलगत होते. जमिनीलगतच का? कारण खोडकिडीच्या अळ्या धानाच्या बुडख्यात दडून राहतात. उंच धसकटं ठेवली की पुढच्या हंगामाची कीड आपणच सांभाळली. एका विळ्याच्या आकारामागे पिकाचा, किडीचा आणि दिवसभर वाकून राहणाऱ्या बाईच्या कमरेचा विचार झालेला आहे. तो शेतात तपासला गेला आहे. याला हत्यारावरचं संशोधन म्हणतात.

आता तोडण्याचं. जड सुरी कुऱ्हाडीचं काम करते, असं सांगणाऱ्याने दोन्हींचं वजन कुठे असतं तेवढं पाहावं. कुऱ्हाडीचं जवळपास सगळं वजन दांड्याच्या टोकाला, हातापासून दोन-अडीच फुटांवर असतं. फिरवल्यावर टोकाचा वेग हाताच्या वेगापेक्षा कितीतरी वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की घावाची ऊर्जा चौपट होते. जाड सुरीचं अर्धं वजन मुठीत, म्हणजे मुठीला धरलेल्या तळव्यातच असतं. ते घावाला उपयोगी पडत नाही, फक्त मनगटाला वागवावं लागतं. म्हणजे साडेचारशे ग्रॅमची सुरी तोडायला हलकी पडते आणि सोलायला जड. दोन्हीकडचे तोटे एकत्र आणून त्याला दुहेरी उपयोग म्हणणं हे विक्रेत्याचं कौशल्य आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पण आम्ही सुरीने ओंडके फोडून दाखवतो! होय, दाखवतात. सुरी ओंडक्याच्या डोक्यावर ठेवायची, पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत खाली न्यायची. या प्रकारासाठीच तर पात्याला एवढी जाडी दिलेली असते. ही युक्ती जिथून आली, तिथे तिला अर्थ आहे. उत्तरेकडच्या थंड, ओल्या सूचीपर्णी जंगलांत बाहेरचं सगळं सरपण भिजलेलं असतं; कोरडं लाकूड हवं तर ओंडका फोडून त्याच्या गाभ्यातच शोधावं लागतं. शिवाय तिथलं लाकूड पाइनचं, स्प्रूसचं: हलकं, सरळ धाग्याचं. पाइनच्या वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. आमचा धावडा नऊशेच्या आसपास जातो, येनही फार मागे नाही. त्यात धावड्याचे धागे एकमेकांत गुंतलेले. म्हणून तर त्याचे कुऱ्हाडीला दांडे करतात, गाडीला आख करतात. पाइनवर घेतलेल्या परीक्षेचं प्रमाणपत्र धावड्यासमोर चालत नाही. आणि उन्हाळ्यात नवेगावच्या रानाकडेला चहापुरता जाळ करायला जे लागतं, ते हाताने मोडता येईल असं पायाखाली पडलेलं असतं. गरजच नसलेल्या कामासाठी पातं जाड करायचं, आणि रोज लागणाऱ्या कामासाठी ते निकामी करायचं, हा व्यवहार कोणत्या शहाण्याचा?

थंड मुलखातले जाणकार तरी या जाडीच्या बाजूने आहेत का? नाहीत. 'नेसमक' या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकन रानवाटकरी जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांनी १८८४मध्ये 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्या सामानात एक छोटी दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याची सुरी आणि एक खिशातला चाकू. दुकानांत मिळणाऱ्या जाडजूड शिकारी सुऱ्यांना त्यांनी बोजड आणि कुचकामी ठरवलं होतं. दिसायला भयंकर, उपयोगाला बेताच्या, हा त्यांचा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा शेरा. स्वीडनमधल्या मोरा गावात १८९१पासून सुऱ्यांचे कारखाने आहेत. तिथली सुतारांच्या, कोळ्यांच्या, लाकूडतोड्यांच्या कमरेची नेहमीची सुरी दोन-अडीच मिलिमीटरची असते. त्याच गावची 'हेवी ड्यूटी' म्हणून विकली जाणारी सुरी ३.२ मिलिमीटरची आहे. जिथे बर्फात लाकूड फोडावं लागतं, तिथले लोक सव्वातीन मिलिमीटरच्या आत भागवतात. आणि सव्वासहा मिलिमीटर आपण कशासाठी मिरवायचे?

आता दुसऱ्या विधानाकडे येतो. लोहाराच्या पोलादाचा भरवसा नाही. यात खरं किती, ते आधी सांगतो. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणारी काही हत्यारं कच्च्या लोखंडाची असतात, धार दोन दिवसांत बसते. काहींचं पाणी एकसारखं उतरलेलं नसतं, टोक कडक आणि मध्य मऊ. दांडा नेढ्यात नीट ठोकला नाही तर तो हलतो, आणि हलणारी कुऱ्हाड धोक्याची असते. हे दोष खरे आहेत, झाकण्यासारखे नाहीत.

पण यावरून लोहारकी कालबाह्य ठरत नाही. वाईट वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक करावा लागतो, एवढंच ठरतं. आणि हा फरक गावाला करता येतो. जाणकार गिऱ्हाईक लोहाराकडे जाताना पोलाद स्वतः घेऊन जातो: ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा. कमानीच्या पाट्याचं पोलाद हे गाडीखाली वर्षानुवर्षं वाकून परत सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. जास्त कार्बनच्या पोलादाइतकी धार ते टिकवत नसेल, पण आघात सोसतं, तुटत नाही. परदेशी सुऱ्यांच्या जाहिरातीत ५१६० या क्रमांकाने ज्याचं कौतुक चालतं, तेही कमानीच्या पाट्यांचंच पोलाद आहे, कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास आणि थोडं क्रोमियम. तेच पोलाद क्रमांकासह खोक्यात आलं की विज्ञान, आणि साकोलीच्या भंगारातून लोहाराच्या भात्यावर गेलं की गावठी, हा न्याय मला कळत नाही. या भागाला लोखंडाची ओळख नवी नाही. शेजारच्या मैकल डोंगरात दगडापासून लोखंड गाळणाऱ्या अगरिया जमातीवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली आख्खा ग्रंथ लिहिला आहे.

लोहाराच्या हत्याराचा खरा गुण मात्र त्याच्या दुरुस्तीत आहे, आणि पहिल्या नजरेच्या परीक्षणात दुरुस्तीला जागाच नसते. कुऱ्हाड बोथटली की ती शेवटून आणतात: तापवून तोंड पुन्हा ठोकून पातळ करायचं, पुन्हा पाणी पाजायचं. दांडा मोडला की धावड्याचा किंवा तिवसाचा नवा. रोजची धार निसण्यावर, नाहीतर नदीच्या दगडावरसुद्धा. आता फॅशनमधलं डी-२ पोलाद घ्या. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. धार टिकते, हे मान्य. पण त्यातल्या क्रोमियमच्या कार्बाइडचे कण साध्या वालुकाश्मापेक्षा कठीण असतात. दगड झिजतो, पातं फारसं झिजत नाही. त्याला हिऱ्याच्या कणांची पट्टी बरी पडते. ती पुण्यात मिळते. देवरीच्या पलीकडे, तेंदूची झुडपं छाटायच्या म्हणजे खुटकटाईच्या दिवशी, रानात मिळत नाही. धार दहापट टिकली आणि गेल्यावर परत आणता आली नाही, तर त्या टिकण्याचं करायचं काय?

काळ्या लेपाचंही असंच. गंजापासून संरक्षण म्हणून तो दिलेला असतो. पण लेप पात्याला असतो, धारेला नसतो. धार घासली की लेप जायचाच. आणि गंज धरतो तो धारेपाशी आणि मुठीच्या फटीत, म्हणजे नेमका लेप नसतो तिथे. या जिल्ह्यात पाऊस वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांत. येनाच्या, धावड्याच्या ओल्या सालीतलं टॅनिन साध्या पोलादाला लागलं की पातं तासाभरात निळंकाळं होतं. यावर उपाय जुना आणि फुकट आहे: पुसायचं, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल लावायचं आणि चामड्याच्या ओल्या म्यानात ठेवायचं नाही.

तिसरं विधान सर्वांत घातक आहे: रानात जाणाऱ्याच्या कमरेला अशी सुरी हवीच. ज्याच्या जिवावर या सुऱ्यांचे फोटो काढले जातात, ते रान आमच्याकडे कोणतं? नागझिरा, १९७०पासून अभयारण्य. नवेगाव, १९७५पासून राष्ट्रीय उद्यान. आणि डिसेंबर २०१३पासून दोन्ही नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात. चोरखमाऱ्याच्या किंवा मंगेझरीच्या फाटकातून आत जाणाऱ्या पर्यटकाला गाडीतून वाटेल तिथे उतरायची परवानगी नाही. तो कापणार काय आणि फोडणार काय? त्याहून मोठी गोष्ट कायद्याची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदुका, जाळी, फास यांच्याबरोबर सुऱ्यासुद्धा नाव घेऊन घातलेल्या आहेत. कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय कुठलंही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. राखीव जंगलात झाड तोडणं, फांद्या छाटणं, बंदीच्या काळात जाळ करणं याला १९२७च्या वन कायद्याचं कलम २६ आडवं येतं. सुरीचं परीक्षण करताना जी कामं करून दाखवतात, फांद्या तोडणं, ओंडके फोडणं, शेकोटी पेटवणं, ती राखीव वनात केली तर बहुतेक गुन्ह्यात मोडतील. परीक्षण लिहिणारे हे वाचकाला सांगत नाहीत.

शस्त्र कायद्याचंही तसंच. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेल्यांना सूट आहे. पाच-सहा इंचांच्या सुऱ्या या मापात सहसा बसत नाहीत, हे खरं. पण याच जातीतल्या मोठ्या, कोयत्याच्या आकाराच्या सुऱ्या सहज बसतात. इळा, कुऱ्हाड, पावशी यांना सूट का मिळते? कारण त्यांचं काम ठरलेलं आहे आणि ते सगळ्यांना दिसतं. 'सगळ्या कामांसाठी' म्हणून विकलेल्या सुरीला नेमकं काम विचारलं तर मालक काय सांगेल? बाजाराला जाताना सायकलला अडकवलेला इळा कोणी अडवत नाही. कमरेला काळी सुरी लटकवून फिरणाऱ्याला पोलिसाने थांबवलं, तर मी पोलिसाच्या बाजूचा आहे.

रानात ज्यांना हत्यार खरोखर लागतं, ते लोक कोण आहेत? २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ज्यांचा हक्क मान्य केला, ते. त्या कायद्यात बांबूही गौण वनोपज आहे. बांबू तोडायचा तर कोवळे वास्ते, म्हणजे कोंब, आणि पहिल्या वर्षाच्या काठ्या राखायच्या, जुना बांबू बुडाशी पेराच्या वर, एका तिरप्या घावात उतरवायचा. चिरफाळलेल्या बुडख्यात पाणी साचतं आणि बेट सडतं. तेंदूची झुडपं उन्हाळ्याआधी जमिनीलगत छाटायची, म्हणजे एप्रिल-मेमध्ये नवी कोवळी, मोठी पानं येतात. ती पानं हातानेच खुडायची आणि सत्तर पानांचा पुडा बांधायचा. मोहफुलं तर वेचायची असतात, तिथे हत्याराचं कामच नाही. वनोपजाच्या साऱ्या वर्षात धारेला काम आहे ते थोडं आणि नेमकं. ते करणाऱ्यांपैकी कोणी जाड सुरी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

राहिला जनावरांचा धाक. 'अस्वल समोर आलं तर?' हा प्रश्न हमखास येतो. इथे अस्वलं आहेत आणि मोहाच्या दिवसांत पहाटे त्यांची नि माणसांची गाठ पडते, हल्लेही होतात. पण सहा इंचांच्या पात्याने अस्वलाला वारायचं तर आधी त्याच्या मिठीत शिरावं लागेल. जाणती माणसं काय करतात ते पाहा: एकट्याने जात नाहीत, अंधारात जात नाहीत, बोलत, खाकरत, काठी आपटत जातात, आणि पिलांसकट मादी दिसली की वाट सोडतात. सुरी या शहाणपणाची जागा घेत नाही. उलट कमरेला सुरी आहे म्हणून जो जास्त आत जातो, त्याला ती संकटात नेते. सोन्याची सुरी असली म्हणून ती कोणी उरात खुपसून घेत नाही. पोलादाची, तीही काळा लेप दिलेली, का घ्यावी?

आता शेवटचा बचाव: अहो, हा छंद आहे, कशाला एवढं मनावर घेता? छंदाला माझी हरकत नाही. कोणी घड्याळं जमवतो, कोणी पेनं. सुरेख घडवलेली सुरी पाहून आनंद होणं हे माणसाच्या हाताचं कौतुकच आहे. ज्याला ती आवडते त्याने घ्यावी, तेल लावून ठेवावी, मित्रांना दाखवावी. हरकत आहे ती आवडीला निकाल म्हणून खपवण्याला. कारण त्या निकालाचे परिणाम छंदाच्या बाहेर पडतात. तो वाचून एखादा तरुण महिन्याच्या पगाराचा मोठा तुकडा एका सुरीवर घालतो, आणि गावच्या लोहाराकडून काही शंभरांत मिळणाऱ्या कामाच्या हत्याराकडे तुच्छतेने पाहू लागतो. गिऱ्हाईक तुटलं की भाता थंड पडतो. मग हत्यारं शेवटायला माणूस उरत नाही, आणि 'लोहाराची हत्यारं वाईट' हे भाकीत आपोआप खरं होतं. पहिल्या नजरेचे निकाल असे बिनबोभाट बाजार फिरवतात.

म्हणून परीक्षण करणाऱ्यांना माझी एक सूचना आहे, आणि ती अवघड नाही. पहिल्या दिवशी माप द्या: लांबी, पाठीची जाडी, धारेच्या लगेच मागची जाडी, वजन, तोल कुठे बसतो, पोलाद कोणतं. मग सुरी आमच्याकडे पाठवा. भारी धानाच्या कापणीला ती कार्तिकात बांधावर येऊ दे, तिच्याने पेंढ्यांचे बंध कापू. माघात तेंदूची झुडपं छाटू, बुरडाच्या हातात देऊन बांबू सोलायला सांगू, सरपण फोडू, सुगरणीला वांगी चिरायला देऊ. प्रत्येक वेळी बाजूला आमचं नेहमीचं हत्यार असेल. धार किती वेळा लावावी लागली, कोणत्या दगडावर, किती वेळ लागला, हाताला फोड कुठे आले, हे लिहून ठेवू. आणि पावसाळाभर ती पडवीत खुंटीला टांगून ठेवू.

एवढ्यातून उतरून ती चांगली ठरली, तर तसं जाहीर लिहायला मी बांधील आहे. सगळ्याच कामांत हरणार नाही ती. पडक्या कुंपणाचा खुंटा ठोकायला, नारळ फोडायला, गाठाळ ढलपी उचकटायला जाड पाठ उपयोगी पडेलही, आणि पडली तर त्याचंही श्रेय देऊ. पण कोणत्या कामात जिंकली आणि कोणत्यात हरली, हे कामाचं नाव घेऊन सांगावं लागेल. तोवर जड आहे म्हणायचं असेल तर ग्रॅम सांगा, जाड आहे म्हणायचं असेल तर मिलिमीटर सांगा. उपयोगाचा निकाल मात्र हंगाम उलटल्यावर द्या, आणि तो द्यायला ज्यांच्या हाताला घट्टे आहेत त्यांना बोलवा.